वीणा सुट्टीवर आहे

नसीमाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी खारघरच्या बाजारात मटार निवडत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला... मटार तिथेच राहिले. त्याला आता काही आठवडे झाले, आणि गंमत म्हणजे तिची आठवण आली की मला आधी हसूच येतं.

मनोरुग्णांच्या वॉर्डात आम्ही दोघी वर्षानुवर्षं सिस्टर होतो. ती रायगडच्या किनाऱ्यावरची, बोलायला भारी मिश्कील. ड्युटी बदलताना कुणी सांगितलं, "पेशंट विनाकारण चिडली," की नसीमा मान वर न करता म्हणायची, "वीणा सुट्टीवर आहे. नुसतं कारण सांग." आमच्यात खरंच एक वीणा सिस्टर होती. ती बिचारी दर वेळी दचकायची, "आता मी काय केलं?" मग शोध सुरू व्हायचा आणि बहुतेकदा कारण निघायचंच. कुणाचा चष्मा कपाटात अडकलेला, कुणाचा भाऊ येतो म्हणून आलेलाच नाही, कुणाला बाथरूमसाठी पुन्हा पुन्हा 'थांबा' ऐकावं लागलेलं. "आपल्याला असं कोंडलं तर आपण काय भजन म्हणू?" ती विचारायची. आजार हेही कारण तिला मान्य होतं, पण ते सगळ्यात शेवटी.

तळवलीच्या मथुरामावशी दाखल झाल्या तेव्हा दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. वॉर्डात काच चालत नाही आणि बांगड्या तर निघेनात. तेव्हा नवीन आलेली ऋतुजा सहज बोलून गेली, "फोडाव्या लागतील." फोडल्या. त्यानंतर मावशींनी ताट भिरकावलं, भिंतीवर डोकं आपटलं, पाण्याचा घोटही घेईनात. डॉक्टर इंजेक्शनचं बोलू लागले. नसीमा त्यांच्याजवळ फरशीवर जाऊन बसली. मावशी रिकामी मनगटं चोळत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माजा मानूस मेला, न् तुमी मना सांगत नाय."

माणूस घरी होता, पाय मोडून पडलेला. नसीमानं व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा ओरडला, "मी हाय ना गं! आधी जेव!" "मंग इकरं का नाय आला?" म्हणत मावशींनी त्याला असं झापलं की अख्खा वॉर्ड हसला. आणि त्या जेवल्या. नंतर नसीमानं रडवेल्या ऋतुजाला जवळ घेतलं. "अगं बये, सवाष्णीच्या बांगड्या फोडायच्या नसतात, वाढवायच्या असतात. शब्दसुद्धा टोचतो." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून तिनं मऊ रबराच्या हिरव्या बांगड्या आणल्या. पुढे असा साठा तिच्या ड्रॉवरमध्ये कायम असायचा.

आमची शेवटची भेट तिच्या ऑपरेशनच्या आधीची, दुसऱ्या हॉस्पिटलातली. तिथली सिस्टर म्हणाली, "बांगड्या काढा." तर ही म्हणते, "वाढवा म्हण गं, नवरा समोर बसलाय!" आम्ही इतक्या हसलो की आम्हाला दटावलं गेलं...

परवा वॉर्डातला तिचा ड्रॉवर आवरायला घेतला. तळाशी हिरव्या रबरी बांगड्यांचा जुडगा होता. मी ड्रॉवर धाडकन लावला, हातातला ट्रे आदळला, वॉर्डबॉय मामांवर ओरडले. ऋतुजा धावत आली.

"ताई, काय झालं?"

"काही नाही गं. विनाकारण."

तिनं माझ्यासमोरचा ट्रे उचलून बाजूला ठेवला. "वीणा सुट्टीवर आहे, ताई."

मग मी खाली बसले आणि तिला कारण सांगितलं.