मी तेव्हा खाली गेलो होतो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय ते विचारू नका — मलाच नीट कळत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड आहे, तेव्हा थोडा आडवळणानं येईन.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. भाषणस्वातंत्र्य, त्याच्या मर्यादा, सार्वजनिक सुव्यवस्था — दरवर्षी तेच फळ्यावर लिहितो. एखादं पोरगं विचारतं, सर, मशिदीसमोर नाहीतर देवळासमोर कुणी मुद्दाम जाऊन घोषणा दिल्या, तर तो हक्क की गुन्हा? मी म्हणतो, परिस्थितीवर अवलंबून आहे. परीक्षेत हे उत्तर चालतं. आमच्या गल्लीत ती परिस्थिती खरोखर आली तेव्हा मी गच्चीवर मोबाईल धरून उभा होतो.

गारखेड्यात आमच्या घरासमोर, जरा तिरकी, एक लहानशी मशीद आहे. त्या शुक्रवारी एक मोर्चा नेमका नमाजाच्या वेळेला तिथं येऊन थांबला. आंदोलन भोंग्यांविरुद्ध — आणि तेही भोंगे लावूनच. परवानगी पुढच्या चौकातली होती म्हणे. पोलीस मधे उभे राहून घाम पुसत होते. त्या लोकांना तिथं थांबू द्यायला हवं होतं का? रस्ता सगळ्यांचा, मग बोलायला बंदी कशाची? पण नुसतं बोलायचंच होतं, तर सभा-मोर्चांचा नेहमीचा क्रांती चौक काय ओस पडला होता? मी अजूनही दोन्ही बाजूंनी एकटाच भांडतो आणि दोन्ही बाजूंनी हरतो.

पण हा झाला शिकवायचा प्रश्न. खरी गोष्ट अशी, की त्या घोषणा ऐकताना मला बरं वाटत होतं. छातीत गरम, सणासुदीला वाटतं तसं. का? माझं तिथं कुणी काय बिघडवलं होतं? आठवून पाहिलं, काही सापडलं नाही.

मशिदीला लागून अन्वरभाईंचं दुकान होतं, पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि ज्या दिवशी येतं त्याच दिवशी मोटार बंद पडते. एकदा ईदच्या दिवशी हा माणूस नवा कुर्ता घालून आमच्या हौदाशी उकिडवा बसला आणि मोटार चालू करूनच उठला. कुर्त्याला ग्रीस लागलं. संध्याकाळी वर त्यांच्याच घरून शिरखुर्म्याचा डबा आला.

नमाज सुटली, माणसं बाहेर आली, तशी त्यांच्यातली काही पोरं घोषणांनी तापली. एकानं दगड उचलला. अन्वरभाईंनी धावत जाऊन तो त्याच्या हातातून हिसकावला. दगड त्यांच्या हातात, हात वर, तोंड मोर्चाकडं. मग तो दगड त्यांनी बाजूच्या गटारात टाकला आणि त्या पोराच्या कानाखाली एक ठेवून दिली. सगळं माझ्या मोबाईलमधे आलं.

संध्याकाळी मी ते स्टेटसला टाकलं. स्टेटसला लांबडा व्हिडिओ बसत नाही, कापावा लागतो. मोबाईलनंच कापला — असं मी स्वतःला किती दिवस सांगत होतो! पण मोबाईल सुरुवातीचा तुकडा घेतो, आणि सुरुवातीला नुसती गर्दी होती. चौकट सरकवत सरकवत मीच दगडापर्यंत आणली. हात वर गेला, तिथं थांबवली. अंगठा माझा होता. तेव्हा मला कळत होतं का, मी काय करतोय ते? कळत नव्हतं असं म्हणून पाहिलं — आरशासमोर सुद्धा म्हणून पाहिलं. जमत नाही.

वर्षानुवर्षं न बोललेल्या गावाकडच्या चुलत्यांचे फोन आले. शाबास म्हणाले. मी सकाळी घाबरून स्टेटस काढलं, पण तोवर तो तुकडा हातोहात फिरून पुन्हा आमच्याच गल्लीत आला होता. पहिल्यांदा कुणी टाकला हे इथं कुणालाच माहीत नव्हतं. त्याच दिवशी पोलिसांनी अन्वरभाईंना उचललं. दगड हातात दिसत होता, आणखी काय पाहिजे?

जामिनावर सुटून आले, तेव्हा ते आमच्या दारात आले. तोंड उतरलं होतं. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच थांबले.

"सर, तुम्ही गच्चीवर व्हता. साहेबाला येवढंच सांगा, म्या दगड मारला नाय, खाली टाकला."

मी म्हणालो, "मी तेव्हा खाली गेलो होतो."

ते मग म्हणाले, "व्हय. गेले असाल." मोटार नीट चालतेय ना, एवढं विचारलं आणि निघून गेले.

दुकान बंद झालं. ते मुकुंदवाडीला मेव्हण्याकडं राहायला गेले. खटला चालू आहे, तारखा पडतात. अख्खा व्हिडिओ माझ्याकडं आहे. मधे मोबाईल बदलला, तर जुन्यातून नव्यात आपोआप आला. एकदा तो घेऊन पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलो. मग समोरच्या टपरीवर चहा प्यायलो आणि घरी आलो.

कापून टाकलेल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती सांगून थांबतो. दगड टाकल्यावर, त्या पोराला मारल्यावर, अन्वरभाई मान वर करतात. थेट माझ्याकडं बघतात आणि हातानं खूण करतात. भोंग्यांच्या गोंगाटातही शब्द कळतात: "सर, आत जावा. तुमाला लागंल."

म्हणजे मी गच्चीवर होतो, हे माझ्या दारात उभं असताना त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ते व्हय म्हणाले.