सात मंगळवार

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. मैत्रिणीलाही नाही. एकदा डायरीत इंग्रजीत लिहायला घेतलं होतं — इंग्रजीत लिहिलं की ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं — पण दोन ओळींनंतर पान फाडून टाकलं. म्हणून आता मराठीत लिहिते. माझं मराठी शाळेतल्या एका विषयापुरतं, तेव्हा सांभाळून घ्या. फक्त भाषेपुरतं म्हणतेय मी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. कुंभार पिंपळगावला असते. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर मामांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. गावातली भांडणं मिटवायला ज्याला बोलवायचे तो माणूस — तोंडातून नुसतं 'बा, बा' निघायचं. उपचारांसाठी दोघं जालन्याला आमच्याकडे येऊन राहिली. मामा खिडकीशी बसायचे आणि आत्या मामांकडे बघत बसायची.

आत्यानं अंबडच्या देवीला अकरा मंगळवार बोलले. देवी टेकडीवर, पायऱ्या चढून जायचं. आत्याचे गुडघे कधीचेच गेलेले, आणि मामांना सोडून जाणं शक्य नव्हतं. तिनं मला विचारलं.

"माझ्या बदली तू जातीस का, बाळा? देवीला सांगून ठिवते मी — पाय पोरीचे हायेत, पन नवस माझा हाय."

मी हो म्हणाले. माझं 'हो' पुष्कळदा असंच असतं, 'नाही' म्हणता येत नाही म्हणून आलेलं. पण तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा मला खरंच जायचं होतं.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. मंगळवारी तीनला सुटायचं, स्टँडवरून अंबडची बस धरायची, दर्शन घ्यायचं, पुजाऱ्यानं कागदात बांधून दिलेली अंगाऱ्याची पुडी घेऊन परत यायचं. घरी पोचायला पावणेसात व्हायचे. पुडी आली की आत्या मामांच्या कपाळाला आणि जिभेच्या टोकाला अंगारा लावायची. मग पाणी प्यायची. मंगळवारी सकाळपासून पुडी हातात पडेपर्यंत ती निर्जळ असायची. हे लक्षात ठेवा. मी विसरले नव्हते.

पहिले चार मंगळवार मी गेले.

तिसऱ्या मंगळवारी रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "कितवा गं?"

"तिसरा."

"लग्नासाठी?"

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली होती. तिला ती 'हो' वाटली.

"व्हतंय गं, व्हतंय! माझ्या नणंदेच्या पोरीचं नवव्यालाच जमलं. अन् ती तर तुझ्याहून काळी."

मागच्या बायका हसल्या. पुढच्या मंगळवारी मी पायऱ्या चढून वर पोचले तर तीच बाई ओरडली, "ओ, सरका, सरका, आपली नवरी आली!" आणि दंडाला धरून मला रांगेत पुढे नेलं. कुणीतरी माझ्या केसांत गजऱ्याचा तुकडा खोचला. त्यात वाईट काहीच नव्हतं. त्या मायेनंच करत होत्या. मीच अशी आहे — कुणी माझ्याकडे बघितलं की मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटतं.

हे कारण म्हणून सांगत नाही. हे फक्त आधी घडलं.

पाचव्या मंगळवारी मी स्टँडवर गेले. अंबडची बस लागलेली होती. मी चढले नाही. बस गेली. पुढची आली, तीही गेली. मग मी लॅबमध्ये परतले. तिथे भिंतीवर गणपतीच्या तसबिरीखाली उदबत्तीचं घर आहे, त्यात राख साठलेली असते. रिसेप्शनवरच्या पेपरचा तुकडा फाडला आणि चिमूटभर राख त्यात बांधली. फार सोपं होतं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आत्यानं पुडी सोडली आणि कागद उजेडात धरला.

"अगं बया! देवीचा पुजारीबी इंग्लिश मीडियमचा झाला का काय?"

लॅबमध्ये पेपर इंग्रजी येतो. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या हाताला वर्तमानपत्र म्हणजे तेच. मामांचे खांदे हलले — ते हसत होते, आजारपणानंतर पहिल्यांदा. सगळे हसले. मीसुद्धा हसले. पुढच्या मंगळवारपासून मी मराठी पेपर शोधून ठेवू लागले.

असे सात मंगळवार.

पण मला कबूल करायचं आहे ते राखेचं नाही. राखेचं मी स्वतःला समजावलं होतं — इथली काय, तिथली काय, राख ती राखच. देवी असली तर तिला काय कागद मोजायचेत? आणि नसली तर प्रश्नच मिटला. पण मग मी तीनला सुटून सरळ घरी का गेले नाही? कारण अंबडहून परत यायला पावणेसात होतात. लवकर गेले असते तर पकडले गेले असते. म्हणून मी थांबायचे. कधी मोतीबागेत सावलीला, कधी स्टँडजवळ. एप्रिल-मे महिन्यातला जालना तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. घरी आत्या निर्जळ बसलेली, दर थोड्या वेळानं दाराकडे बघणारी — आई सांगायची मला नंतर — आणि मी घड्याळ बघत बसलेली, माझं खोटं खरं दिसावं म्हणून. एका मंगळवारी मी उसाचा रस प्यायले. एक ग्लास संपवून दुसरा मागवला.

नवव्या मंगळवारी जेवताना मामा म्हणाले, "मीठ न्हाई." आमटीत खरंच मीठ नव्हतं. आत्या रडायला लागली. मग उठून तिनं माझ्या पावलांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मी पाय मागे ओढले. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली. लाजाळू असण्याचा हा एक फायदा आहे. लोक तुमच्या गप्प राहण्याचा चांगलाच अर्थ लावतात.

मामांचं बोलणं परत आलं. हात आला नाही. अजूनही ते डाव्या हातानं जेवतात, कुणाकडे गेले तर जेवतच नाहीत.

या वर्षी आत्या आमच्याकडे आली तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाली, "देवीनं अर्धंच देलं. का, तर म्या अर्धंच केलं. घरात बसून नवस फेडला. तुला पिदडलं उन्हातान्हात अन् म्या इथं पंख्याखाली."

मी मेथी निवडत होते. म्हणाले असते तर तेव्हाच — नाही, नको. म्हणाले नाही, एवढंच.

तिनं पुन्हा अकरा मंगळवार धरले. या वेळी स्वतः, अनवाणी. वडील चिडले. डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो दाखवून बजावलं. मामा म्हणाले, "आगं, मला आता काय करायचाय हात? हाय तसं बराबर हाय." तिनं ऐकलं नाही. दर मंगळवारी ती गावाहून बसनं अंबडला येते, मी जालन्याहून जाते. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय तिला पुढची चढता येत नाही. भेटेल त्या बाईला ती सांगते, "ही माझी भाची. मागल्या टायमाला माझ्यासाठी अकरा मंगळवार हिनंच केल्ते."

पाच झाले. पाचव्याला, म्हणजे परवा, ती अर्ध्यावर बसली. तळवे लाल झाले होते. पदरानं तोंड पुसलं, आणि वर न बघता मला विचारलं,

"खरं सांग गं. तवा मला येता आलं असतं ना? गुडघ्याचं निमित्त केलं म्या. आळसच केला ना?"

आजूबाजूला फारसं कुणी नव्हतं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तीसुद्धा नाही. उत्तर तोंडात होतं, साधं, मराठीत, चार शब्दांचं.

मी म्हणाले, "असेल."

तिनं मान हलवली. मग माझ्या खांद्यावर भार देऊन उठली आणि पुढची पायरी चढली.