लावणीचा रविवार

वयाच्या अटीत बसणारी माझी ती शेवटची पोलीस भरती होती, आणि नेमकी तेव्हाच नडगी ठणकायला लागली. आठशे मीटर धावायचे, पण पाचशेनंतर पाय उचलेनात. वेळ कमी व्हायची सोडून दर आठवड्याला वाढत चालली होती.

मेहनतीत मी काय कमी होते? पहाटे आमच्या गडब गावाहून पेणच्या मैदानावर, तिथून रोह्याला कंपनीत शिफ्ट. मैदानावर आम्हा मुलींची तयारी करून घेणारे सर निवृत्त फौजी होते. एकदा त्यांनी विचारलं, "रविवारी आराम करतेस ना?"

"व्हय सर. पूर्ण आराम."

"म्हणजे काय करतेस?"

"कायच नाय. फक्त लावणी."

सर माझ्या नखांतल्या चिखलाकडे बघत राहिले. "दिवसभर वाकून लावणी, आणि हा आराम?"

मला असा राग आला! धावले नाही म्हणजे आरामच की. आमच्याकडे घरच्या शेतातलं काम कामात धरतं कोण?

"भरतीपर्यंतचे तिन्ही रविवार पडून राहायचं," सर म्हणाले. "शवासन. हाच सराव समज."

पहिल्या रविवारी पडवीत चटई टाकली. आई रोपांच्या मुठी घेऊन निघाली होती. "आई, मी नाय येत आज," म्हटलं, कारण सांगितलं. ती मुठी डोक्यावर चढवून चालू लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. पडवीतून शेत समोरच दिसायचं; आई एकटीच वाकलेली. आग लागो त्या शवासनाला! दहादा वाटलं, उठावं. पण नाय म्हणजे नाय. डोळे मिटून घेतले.

बांधावरून शेजारची काकू ओरडली, "पोरगी दिसत नाय गो! आजारी हाय काय?"

मी डोळे न उघडता कान टवकारले.

"नाय गो," आईचा आवाज आला, चांगला खणखणीत. "ड्यूटी हाय तिची. पडून ऱ्हायची."

बांधापलीकडच्या बाया खो खो हसल्या. माझ्या डोळ्यांतलं पाणी कानात गेलं, तरी मी हात हलवला नाही.

भरतीच्या दिवशी पाचशेनंतरही पाय माझेच होते. वेळेत पोचले.

आता पोलीस झाले, तरी लावणीला मी रजा टाकून घरी येते. आईला पडवीत चटई घालून देते आणि स्वतः चिखलात उतरते. दहा मिनिटांत ती उठून बसते, माझी रोपं वाकडी लागतायत म्हणून.

"आई, पड!" मी शेतातून ओरडते. "ड्यूटी हाय तुझी!"