सही सानियाची

"मॅडम, पूर्ण काढून टाका," खलीलभाई म्हणाले आणि फॉर्म माझ्यासमोर सरकवला. सही आधीच केलेली होती. त्यांची.

मी उदगीरमध्ये म्युच्युअल फंडाची डिस्ट्रिब्युटर आहे. लोकांचे पैसे फंडात गुंतवून द्यायचे, कागदपत्रं बघायची आणि बाजार पडला की फोन घ्यायचे, हे माझं काम. खलीलभाई ट्रॅक्टर आणि जीपची सीट कव्हर शिवतात. मुलगी सानिया पहिलीत गेली तेव्हा तिच्या नावावर त्यांनी एसआयपी सुरू केली. म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम बँकेतून आपोआप फंडात जायची. एकही हप्ता चुकला नाही. मधे बाजार पडला तेव्हा ते दोनदा बंद करायला आले आणि दोनदा चहा पिऊन परत गेले.

आता त्यांच्या दुकानालगतचा गाळा विकायला निघाला होता. मालकाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती.

मी स्क्रीनवर खातं उघडलं. फ्रीझ झालेलं. सानियाला अठरा पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते.

मी त्यांना समजावलं. मायनर फोलिओ म्हणजे लहान मुलाच्या नावाचं खातं. त्यात वडील फक्त गार्डियन, राखणदार. मूल अठराचं झालं की राखणदारी संपते. मग केवायसी मुलाचं, सही मुलाची, आणि पैसे जातात तेही मुलाच्याच बँक खात्यात.

"एवढी वर्षं पैसे मी भरून राहिलो, आन् सही तिची?"

हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे, ते फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि मी वाचून दाखवलं नव्हतं.

सानिया बारावीसाठी लातूरला मावशीकडे राहिली होती, निकालानंतरही तिथेच होती. शनिवारी बसने आली. पाच मिनिटांचं काम आहे असं खलीलभाईंना वाटत होतं. मलाही. मी दोन फॉर्म ठेवले. एक खातं मोठ्या माणसाचं म्हणून बदलण्याचा, दुसरा पैसे काढण्याचा. पहिल्यावर तिने सही केली. दुसरा वाचत बसली. मग रक्कम किती झालीय ते विचारलं. मी सवयीने खलीलभाईंकडे बघितलं. नंतर लक्षात आलं की आता त्यांना विचारायची गरज नाही. आकडा सांगितला.

तिने पेन खाली ठेवलं.

"अब्बा, नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला. फी आन् होस्टेल यातूनच होतंय. मी सही नाही करणार."

हे घरी कुणाला माहीत नव्हतं. गाळ्याचं ऐकलं म्हणून तिने सांगितलंच नव्हतं.

खलीलभाईंनी आवाज चढवला नाही. गणित मांडलं. गाळ्याचं भाडं येईल, ते तिच्याच कामी येईल, बी.एस्सी. उदगीरलाही होते, घरी राहून. गणित चुकीचं नव्हतं. सानिया ऐकत राहिली, पेन तिने उचललं नाही. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही तरी सांगा तिला."

या माणसाने मला त्यांच्या रस्त्यावरची सात गिऱ्हाईकं आणून दिली होती. मी तीही मनात मोजली.

"खलीलभाई, आता माझी क्लायंट ती आहे."

ते उठले. दाराशी थांबून सानियाला म्हणाले, "घरी ये. अम्मी जेवायची थांबलीय." आणि गेले. ती पेनाचं टोपण लावत-काढत बसली.

गाळा एका मोबाइलवाल्याने घेतला. सानिया नांदेडला गेली. सातपैकी दोन गिऱ्हाईकं तुटली. खलीलभाई दोन वर्षं ऑफिसात फिरकले नाहीत.

गेल्या महिन्यात आले. धाकट्या मुलीचा जन्मदाखला घेऊन. या वेळी मी अर्धा तास सगळं वाचून दाखवलं आणि खातं त्यांच्याच नावावर ठेवायचा सल्ला दिला. म्हटलं, मग हवे तेव्हा काढता येतील.

"म्हणूनच न्हाई," ते म्हणाले. "माझ्या नावावर असले की मी काढतो."

मी मायनरचा फॉर्म भरला.

तेव्हापासून प्रत्येक पालकाला आधीच सांगते की मुलाच्या नावावर टाकलेले पैसे मुलाचे होतात. सगळे हो म्हणतात. तेव्हा मूल कडेवर असतं.