वळणाची बाहेरची कड

दाजींचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, आणि त्यांच्या घराची भिंत माझ्या भिंतीला लागून असल्यामुळे माझाही. आधी खोकला, मग बादली, मग बूट आपटणं. गाडी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, रुळांत झुडपं माजली होती, तरी हा माणूस हातोडा खांद्यावर टाकून लाइनवर निघायचा. रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरींना आम्ही चाव्या म्हणतो. त्या ढिल्या झाल्या की ठोकून बसवायच्या, हे दाजींचं जन्मभराचं काम. मी त्याच गँगमध्ये खडी ओढली.

"दाजी, आता कुणासाठी ठोकताय?" असं विचारलं की म्हणायचे, "तू झोप. तुला त्यातलं काय कळतंय?"

झोप म्हणे. यांच्या बुटांनंतर झोप येते कुणाला?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा. अक्का शिवणकाम करायची. जुन्या स्टेशनशेजारच्या बाजारात, एका कापडदुकानाच्या ओट्यावर तिचं मशीन होतं. तिचा खुबा मोडला तेव्हापासून ते तिथेच फडक्याखाली झाकून पडलं होतं. आमची वस्ती उतारावर. बाजारात जायचं तर आधी पायऱ्या, मग चढ, मग पूल. कुबड्यांवर ते तिला झेपेना. दाजी म्हणाले, पाठुंगळीला घेऊन जातो. ती म्हणाली, "मी काय पोतं आहे?" मशीन घरी आणू म्हटलं, तर म्हणाली, "गिऱ्हाईक इथे पायऱ्या उतरून येणार आहे का? आणि दिवसभर तुमचं तोंड बघत शिवू?"

मग बातमी आली की रूळ काढून त्या जागेवर चालायला आणि सायकलींना झाडाझुडपांतून रस्ता करणार. आमच्या घरामागून थेट बाजारापर्यंत. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे आमच्याकडे सपाट अशी तेवढीच जमीन. अक्का त्या दिवशी दारात बसून बराच वेळ झुडपांकडे बघत होती. म्हणाली, "चाकाची खुर्ची मिळाली तर मी माझी मी जाईन. कुणी ढकलायचं नाही."

दाजींनी ते मनावर घेतलं आणि आमच्या डोक्याला ताप सुरू झाला.

ठेकेदाराने जुन्या गँगवाल्यांना कामावर घेतलं, कारण जमिनीखालून कुठे पाणी जातं हे आम्हाला ठाऊक, आणि यंत्रापेक्षा आम्ही स्वस्त. दाजी मुकादम झाले. त्यांना कुणी केलं नाही, ते झाले. मिळेल त्या मजुरीतून अक्काला हाताने पायडल मारायची तीनचाकी घ्यायची, नवी कोरी, हेही त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. तोवर आरोग्य केंद्रातून एक जुनी खुर्ची मागून आणली. तिचं एक चाक कुरकुरायचं.

दाजींच्या हाताखाली काम म्हणजे शिक्षा. खडी पसरायची, त्यावर मुरूम, त्यावर पाणी, मग धुम्मस, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने ठोकून दाबणं. रोलर मागून येणारच होता, तरी आधी धुम्मस. मग दाजी टाच रोवून बघायचे. "रुतली. काढा." रोलरवाला बिडी ओढत बसून आमच्याकडे बघायचा. एकदा एक सायकलवाला अर्धवट रस्त्यावर घुसला आणि त्याने मागून घंटी वाजवली. आम्ही सगळे फावडी उचलून टुणकन कडेला, तोंड रस्त्याकडे करून उभे. गाडी आली की गँग अशीच उभी राहते. तो बिचारा खाली उतरला. त्याला वाटलं, त्याला सलामी देतोय.

आमच्या घरामागेच मोठं वळण आहे. इंजिनियर बाईंनी तिथे खुंट्या ठोकल्या, पातळीची दोरी बांधून दिली आणि त्या पुढच्या कामावर गेल्या. दाजी ओणवे होऊन, एक डोळा मिटून बघत राहिले.

"खुंट्या बसल्यात," ते म्हणाले. "बाहेरची बाजू खाली गेलीय."

मी बघितलं. मलाही तसंच दिसलं. गँगमधल्या एकेकाने ओणवं होऊन बघितलं, आणि प्रत्येकाला बाहेरची कड खचलेलीच दिसली. दाजींनी दोरी उचलून बांधली. आम्ही भरत गेलो, ठोकत गेलो. संध्याकाळी दाजी कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "असं वळण अख्ख्या रस्त्यावर दुसरं सापडायचं नाही."

ते मात्र खरं निघालं.

रोलर फिरून झाल्यावर अक्का खुर्चीत बसून निघाली. सरळ भागात झकास गेली. वळणावर आली आणि खुर्ची आतल्या बाजूला कलायला लागली. ती एक चाक जोर लावून मारायची, खुर्ची तरी तिकडेच. शेवटी खुर्चीसकट आतल्या बाजूच्या चरात, काटेरी झुडपात.

"तू हात सारखे मारत नाहीस," दाजी धावत जात म्हणाले.

"आधी मला काढा. अक्कल नंतर शिकवा."

पुन्हा बसवली, पुन्हा चर. तिसऱ्या वेळी तिने तळहात दाखवले. लालभडक झाले होते.

इंजिनियर बाई आल्या. त्यांनी वळणावर आडवी पाणसळ ठेवली. नळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.

"काका, दोरी कुणी हलवली?"

"खुंट्या बसल्या होत्या."

"नव्हत्या बसल्या. बाहेरची कड एवढी उंच कशासाठी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "बाई, वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात. नाहीतर वेगातली गाडी बाहेर फेकली जाते."

"कुठली गाडी?" त्यांनी विचारलं.

जन्मभर आम्ही उंच बाहेरची कड बघितली. सपाट वळण आमच्या डोळ्यांना खचलेलंच दिसणार. गाडी गेली, रूळ गेले, डोळे तेवढे राहिले.

ठेकेदाराचं म्हणणं, राहू दे. सायकलवाल्यांना ते वळण फार आवडलं होतं, वेग कमी करावा लागत नाही म्हणून. बाईंनी वरपर्यंत विचारून बघितलं. "पातळी मी पुन्हा लावून देईन," त्या दाजींना म्हणाल्या, "पण माल आणि रोलर आता मिळणार नाही."

एवढं झाल्यावर शहाणा माणूस चूक कबूल करतो. दाजींनी खुर्चीचं चाक वाकडं ठरवलं. ते काढून, ठोकून, पुन्हा बसवलं. मग अक्काचा डावा हात अधू ठरवला. मग खुर्चीच्या एका बाजूला वजन म्हणून दगड बांधला. मी कपाळावर हात मारून घेतला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळायला तयार नव्हता.

अक्का माझ्या घरी येऊन म्हणाली, "रस्ता वाकडा घातला आणि आता बायकोला सरळ करायला निघालेत." मग म्हणाली, "त्या दुकानदाराला सांग, मशीनला गिऱ्हाईक बघ. ओटा अडवून ठेवलाय उगाच."

"अगं, मी ढकलीन ना तुला."

"ढकलून घ्यायचं असतं तर पाठुंगळीलाच बसले असते."

हे ती हळू बोलली. पण भिंत पातळ आहे, आणि दाजी पलीकडे होते.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच खोकला, बादली, बूट. मग मात्र हातोड्याऐवजी टिकावाचा आवाज आला. मी शिव्या देत उठलो. दाजी वळणाची बाहेरची कड फोडत होते. टिकाव मारला की उसळून वर यायचा.

"इतकं घट्ट कुणी ठोकलंय रे?" ते धापा टाकत म्हणाले.

"तुम्हीच, दाजी. टाच रुतली की काढायला लावत होतात."

"उभा राहून बोलणार असशील तर बाजूला हो. उजेड अडवतोस."

मी फावडं घेतलं. दिवस वर येईतो गँगमधले बाकीचेही आले, प्रत्येक जण स्वतंत्र मत घेऊन. तोडणं सोपं नव्हतं, पण खरी कटकट पुढे होती. बाईंनी नवी दोरी लावली, आणि भराव करताना दाजी दर थोड्या वेळाने ओणवे व्हायचे.

"बाहेरची बाजू खाली वाटतेय."

"दोरी बघा, दाजी. जमीन बघू नका."

"दोरी सैल असेल."

"दोरी सैल नाही! मघाशीच ओढून बघितलीत!"

शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. वळणाकडे पाठ केली, दोरीला बोट लावून मागे सरकत सरकत भरत गेले, आणि वर म्हणून एकदाही बघितलं नाही. आमच्या गँगला डोळे असून असं आंधळ्यासारखं काम कधी करावं लागलं नव्हतं. त्यांना ते किती जड गेलं, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

रोलर फिरल्यावर अक्का तीच कुरकुरती खुर्ची घेऊन निघाली. वळणाच्या मधोमध ती थांबली. दोन्ही हात चाकांवरून उचलून तिने मांडीवर ठेवले. खुर्ची जागची हलली नाही. दाजी बाहेरच्या कडेला फावडं धरून उभे होते, तोंड रस्त्याकडे करून, गाडी जाताना उभे राहायचे तसे.

ती त्यांच्याकडे न बघता पुढे गेली. वळणाआड झाल्यावर तिचा आवाज आला, "अहो, चाकात थेंबभर तेल घालायलाही पैसे उरले नाहीत का?"

नव्हतेच उरले. दाजींच्या मजुरीतून तीनचाकी आली नाही. दगडाची भुकटी आली, मुरूम आला आणि रोलरचं भाडं गेलं. सगळी मजुरी त्या वळणात दाबून बसवली आहे. टाच रोवून बघा, रुतत नाही.