धगीची सूज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच.

आम्ही जालन्याकडून गोडदेवला आलो तेव्हा एका खोलीत सहा जण होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहायचे. मी पोटमाळ्यावर वाकून शिकलो. घरातला पहिला पदवीधर. त्याचा मला गर्व आहे — खोटं कशाला बोलू? रेशनचा फॉर्म असो की औषधाची बाटली, घरात एकच वाक्य: "त्याला इचारा."

पीएचडीचा माझा विषय म्हणजे आपल्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे, गुरूसारखे वायूचे प्रचंड ग्रह. ते भाजून निघतात आणि गणितात बसतात त्याहून जास्त फुगलेले दिसतात. का? वरवरच्या उष्णतेनं एवढं फुगणं होत नाही. आत, खोलवर काहीतरी घडत असलं पाहिजे. एवढंच म्हणायला मला पाच वर्षं लागली.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले आणि अण्णांचे पाय सुजले. चपलेचा पट्टा बसेना. आडवं झालं की दम लागायचा. तरी हसले, "माझे पायबी तुझ्या ग्रहावानी फुगायलेत का रे?"

मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. खड्डा पडला — आणि तसाच राहिला.

मला कळलं नाही, असं म्हणू? सगळे मानतील. पण कळलं होतं. ही सूज धगीची नाही, आत काहीतरी बिघडलंय — त्या खोलीत हे माझ्याशिवाय कुणाला कळणार होतं? पण दवाखाना म्हणजे रांगा, तपासण्या, माझे आठ-दहा दिवस. मी म्हणालो, "भट्टीची धग लागलीय, अण्णा. उतरेल."

आई म्हणाली, डॉक्टरला दाखवू. अण्णांनीच तिला गप्प केलं, "घरात एक डॉक्टर व्हायलाय की! अजून कोन्ता पाहिजे?"

सोळा दिवस ते त्याच पायांनी कामावर गेले. सतराव्या दिवशी भट्टीपुढेच कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय कधीचंच थकलं होतं — आधी का नाही आणलं?

मी म्हणालो, "ते ऐकतच नव्हते."

आई शेजारीच उभी होती. तिनं मान डोलावली. तिला अजून वाटतं, माझी समजायला चूक झाली — आणि ती चूकही तिनं झाकून घेतली.

प्रबंध तारखेच्या आत दिला. मंजूर झाला. आमच्या घरातला पहिला डॉक्टर मी.