मैंदर्गीच्या गाडीतला आरसा

सात रस्ता चौकाजवळच्या स्पीच थेरपीवाल्या बाईंकडून सहा-सात वर्षांच्या लेकीला घेऊन एक आई मैंदर्गीच्या एसटीत चढली आणि माझ्या शेजारी बसली. बसल्या बसल्या लेकीच्या हातात तिनं छोटा आरसा दिला. मग दोघी जीभ टाळूला टेकवून 'ल, ल, ल' म्हणू लागल्या. भरल्या गाडीत तिला कसलाच संकोच नव्हता.

पुढच्या सीटवरचा एकजण मागं वळला. त्यानं पोरीला नाव विचारलं. तिचं बोबडं उत्तर ऐकून तो खो खो हसला.

"परत म्हण की!"

बिचारीनं परत म्हटलं. आता आणखी दोघं-तिघं हसले. चांगली शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यातली माणसं! पायानं अधू पोराला कुणी 'परत चालून दाखव' म्हणतं का? माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार, तोच तिनं लेकीच्या हातातला आरसा घेतला आणि त्या माणसाच्या तोंडासमोर धरला.

"आता ह्यात बघून हसा की. माझ्या पोरीला रोज असली तोंडं बघावी लागत्यात."

तो गुमान पुढं वळला.

तिनं आरसा पदरानं घासून पुसला, आणि मगच लेकीच्या हातात दिला.